न फुटलेल्या दाण्याचा हिशोब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर अजून व्हायचे आहे. मधेच मला विषय दिला आहे तो लाहीचा. लाही फुटते कशी आणि काही दाणे फुटायचे राहतात का? विषय वाचून दाखवला तेव्हा मागच्या रांगेत हसू झाले, ते मी पाहिले. लाह्या फोडणे हे बायकांचे काम, त्यावर मेळाव्यात भाषण कशाला, असेच ना? अर्धा तास ऐका. या दाण्याचा हिशोब शेवटी तुमच्या पट्टीवर येऊन थांबतो.

लाह्या फोडल्या की परातीच्या तळाशी काही दाणे जसेच्या तसे राहतात. आपल्याकडे त्यांना गणंग म्हणतात, कुठे गांगडू म्हणतात. निरुपयोगी माणसालाही आपण तेच नाव ठेवतो. म्हणजे चूक दाण्याची, असे आपण धरूनच चाललो आहोत. मी म्हणतो, त्या दाण्याची चौकशी करा. तो का राहिला याला कारण असते, आणि बहुतेक वेळा ते कारण दाणा कढईत पडायच्या कितीतरी आधी घडून गेलेले असते. शेतात, खळ्यावर, मळणी यंत्रात, कोठीत.

आधी दाणा फुटतो कसा ते पाहू. मक्याचा दाणा घेऊ, कारण शास्त्रज्ञांनी जास्त अभ्यास त्याचा केला. लाहीचा मका ही मक्याची वेगळी जात आहे. आपण जनावरांना आणि कोंबड्यांना घालतो तो मका असा फुटत नाही. लाहीच्या मक्याचा दाणा बारीक, वरची साल जाड आणि घट्ट, आतला गर बहुतांशी टणक, काचेसारखा. त्या गरात पाणी असते. दाणा कितीही कोरडा वाटला तरी त्यात शंभर भागांत तेरा-चौदा भाग पाणी असते. उष्णता लागली की त्या पाण्याची वाफ व्हायला बघते, पण साल तिला बाहेर जाऊ देत नाही. घरातला कुकर आठवा. कुकरात वाफ कोंडली की आतले पाणी शंभर अंशांच्या वर, एकशेवीसपर्यंत तापते. दाण्यातले पाणी त्याच्याही पुढे जाते, १८० अंशांपर्यंत. तोवर आतला गर शिजून मऊ, लिबलिबीत झालेला असतो. दाब किती? तुमच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात तीस-पस्तीस पौंड हवा भरतात. मक्याच्या एवढ्याशा दाण्यात फुटायच्या वेळी सुमारे १३५ पौंड दाब असतो. मग साल फाटते, वाफ एकदम सुटते, मऊ गर फेसासारखा फुगतो आणि हवा लागताच थिजतो. ती लाही.

फ्रान्समधल्या दोघा संशोधकांनी, विरो आणि पोनोमारेंको अशी त्यांची नावे, २०१५ साली हे नीट मोजून छापले. भट्टी १७० अंशांवर ठेवली तर शंभरातले चौतीस दाणे फुटले. १८० वर नेली तेव्हा शहाण्णव फुटले. दहा अंशांत एवढा फरक. तेव्हा पहिले कारण सोपे आहे, आच कमी पडली. पण आच सगळ्यांना सारखी लागली आणि तरी काही राहिले, तर?

इथे टेबलावर शेगडी ठेवली आहे. या मूठभर दाण्यांना मी सकाळी टाचणीने एकेक भोक पाडून आणले आहे, आणि हे दुसरे त्याच पुडीतले, न टोचलेले. दोन्ही एकाच तेलात, एकाच आचेवर टाकतो. पुढच्यांना दिसते आहे, मागच्यांनी आवाज ऐका. न टोचलेले तडतडताहेत. टोचलेले फुसफुसून गप्प होताहेत. फुटलाच एखादा तर अर्धामुर्धा. भोकातून वाफ निघून गेली, दाब धरलाच नाही. पंक्चर झालेल्या ट्यूबला कितीही पंप मारा.

टाचणीने कोणी दाणे टोचत बसत नाही. पण दाणा तडकतो कशाने याची यादी तुमच्या ओळखीची आहे. मळणी यंत्राचे, कोणी हडंबा म्हणते त्याचे, फेरे जास्त ठेवले आणि ड्रम व जाळीतले अंतर कमी ठेवले की दाण्याला बारीक चीर जाते. डोळ्याला दिसत नाही, वाफेला सापडते. पिकलेला दाणा ताटावर पावसात भिजला, उन्हात वाळला, पुन्हा भिजला, की आतून तडकतो. डांबरी रस्त्यावर पसरला, खालून डांबर तापलेले आणि वरून ट्रक चाललेले, तरी तडकतो. सोंड्याने पोखरला तर बोलायलाच नको. अमेरिकेत लाहीचा मका पिकवणारे शेतकरी दाण्यात सोळा ते अठरा टक्के ओल असतानाच काढणी करतात, यंत्र हळू चालवतात आणि मग सावकाश वाळवून तेरा-चौदावर आणतात. भराभर कडक उष्णतेत वाळवत नाहीत. सालीला चीर जाऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

दुसरे कारण ओल. पाणीच कमी असेल तर वाफ कुठून येणार? दाणा दहा टक्क्यांच्या खाली सुकला की कढईत करपतो, पण फुटत नाही. आणि ओल जास्त झाली तर साल मऊ पडते, दाब पुरता चढायच्या आतच फाटते. लाही होते पण लहान आणि चिवट. आच फार मंद ठेवली तर दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो त्या टोकातून वाफ हळूहळू निसटून जाते. म्हणून आमच्या मायबहिणी वाळू किंवा कढई आधी सणसणीत तापवतात आणि मग दाणे टाकतात. मंद आचेवर लाह्या फोडताना मी कुणाला पाहिलेले नाही.

तिसरे कारण वाणाचे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हॅमेकर नावाच्या संशोधकाच्या गटाने २००५ साली चौदा वाण तपासले. न फुटणाऱ्या दाण्यांचे प्रमाण एका वाणात शंभरात चार, तर दुसऱ्यात सत्तेचाळीस. शोध लागला तो सालीत. काही वाणांच्या सालीची वीण उष्णतेत आणखी घट्ट होते आणि ती ओल आत धरून ठेवते; काहींची तशी होत नाही, ती झिरपते. म्हणजे बियाणे निवडतानाच निम्मा निकाल लागलेला असतो.

आता पैशाकडे येतो. याच पर्ड्यू विद्यापीठातून १९२८ साली शेतीची पदवी घेऊन बाहेर पडलेला ऑर्व्हिल रेडनबाकर नावाचा माणूस होता. आमच्याच धंद्यातला, शेतकी पदवीधर. त्याने आणि बोमन नावाच्या भागीदाराने लाहीच्या मक्याचे संकर वर्षानुवर्षे तपासले. १९६५ च्या सुमारास त्यांच्या हाती असा वाण आला की लाही मोठी व्हायची आणि गणंग फार थोडे राहायचे. १९७० पासून त्याने तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला, इतरांपेक्षा महाग, आणि डब्यावर स्वतःचा फोटो. महाग असूनही खपला. १९७६ मध्ये एका मोठ्या अन्नप्रक्रिया कंपनीने तो छापच विकत घेतला. लोकांनी जास्त पैसे कशाचे दिले? तळाशी दाणे राहत नाहीत, याचे दिले.

यातली मेख लक्षात घ्या. लाहीचा मका वजनावर विकत घेतात आणि लाही मापावर विकतात. चांगला दाणा ग्रॅममागे चाळीस घन सेंटिमीटरच्या आसपास फुलतो. एक किलो दाण्याची चाळीस लिटर लाही, म्हणजे गोड्या तेलाचे दोन पत्र्याचे डबे शिगोशिग भरून वर उरेल. सिनेमागृहात तुमच्या मुलाने शहरात नेऊन तुम्हाला लाहीचा डबा घेऊन दिला असेल तर त्यात मका किती आणि हवा किती हे आता तुम्हीच काढा. हवा विकायला दाणा पक्का लागतो, म्हणून घेणारा ओल मोजतो, फुगवटा मोजतो, गणंग मोजतो. आणि सरकारलाही या हवेत रस आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली तेव्हा सुट्या खाऱ्या लाहीला पाच टक्के, पाकीटबंद असेल तर बारा, साखरेच्या पाकातली असेल तर अठरा, असा खुलासा झाला. लाहीवर एवढा बारीक विचार दिल्लीला करता येतो. ज्वारीच्या ओलीवर बाजार समितीत कोणी करत नाही.

आता आपली ज्वारी. मका अमेरिकेतून आला. आपल्या नागपंचमीच्या लाह्या ज्वारीच्या. आमची आई, तुमची आई ज्वारी उकळत्या पाण्यात घालून लगेच निथळून काढत, ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवत, सकाळी सावलीत थोडी सुकू देत आणि मग तापल्या कढईत मूठ-मूठ टाकून वरून फडक्याच्या बोळ्याने दाबत. मला कॉलेजात चार वर्षे दाण्याची रचना शिकवली, पण या कृतीचे शास्त्र कुणी सांगितले नाही. ते शास्त्र हेच, सुकून दहा टक्क्यांवर गेलेला दाणा पुन्हा तेरा-चौदावर आणायचा, आणि पाणी सालीवर न राहता गरात मुरावे म्हणून रात्रभर वेळ द्यायचा. मीटर नव्हता. हात होता, आणि फडके होते. गावचा भडभुंजा पाण्याचा हबका मारून दाणे झाकून ठेवतो तोही यासाठीच.

दाणा हवेतली ओल घेतो आणि हवेला ओल देतोही. रब्बीची ज्वारी फाल्गुनात घरात येते, चैत्र-वैशाखात खडखडीत वाळते. श्रावणात हवा दमट होते. हवेची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या जवळपास राहिली की ज्वारीचा दाणा आपोआप तेरा-चौदाकडे सरकतो. लाह्यांचा सण श्रावणात का, याचे सगळे उत्तर यात आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या दिवसांत लाही चांगली फुटते ते हेच दिवस.

आणि कोणती ज्वारी फुटते? बारीक, गोल, टणक दाण्याची. दाणा दाताखाली धरून तोडा. आत काचेसारखा भाग जास्त दिसला तर लाही होईल, पांढरा पिठूळ भाग जास्त असेल तर होणार नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला, त्यानंतर खरिपात संकरित ज्वारी पसरली. उत्पन्न वाढले, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या ज्वारीने पोटे भरली. पण निवड झाली ती क्विंटलवर. लाहीची, हुरड्याची, पापडाची वेगवेगळी ज्वारी घरोघर बुचक्यात राखून ठेवलेली असे, ती बांधावरून गेली. पुढे सोयाबीन आले आणि खरीप ज्वारीच गेली. आता राहुरीच्या विद्यापीठाने खास लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ नावाचे वाण काढले आहे. नाव पंचमीचेच. चांगले केले. पण २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली, आणि लाहीच्या ज्वारीला बाजारात वेगळा ढीग, वेगळा भाव कुठे लागला? वेगळा भाव नाही तर वेगळे वाण कोण पेरेल?

खरीप ज्वारीचे आणखी एक दुखणे तुम्ही सगळे भोगून बसला आहात. दाणा पिकायला आणि परतीचा पाऊस यायला एकच गाठ पडते. ज्वारी काळी पडते. ती बुरशी नुसती रंग बिघडवत नाही, सालीत शिरते, दाणा पोकळ आणि ठिसूळ करते. काळ्या ज्वारीची लाही फुटत नाही, भाकर कडू लागते आणि व्यापारी मूठ भरून पाहिल्यासारखे करतो आणि सांगेल तो भाव देतो. यावर एक उपाय हातातला आहे. कणसातला दाणा उपटून त्याचे बूड पाहा. बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरणे संपले. त्यापुढे ताटावर ठेवून दाण्यात एक गुंजही भर पडत नाही. ओल त्या वेळी तीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून मळता येत नाही. पण कणसे कापता येतात. पाऊस घिरट्या घालत असेल तर ठिपका दिसताच कणसे कापा, पत्र्याखाली, पडवीत, जिथे वारा खेळेल तिथे पातळ पसरा आणि वाळल्यावर मळा. मजुरी जास्त पडते, जागा लागते, हे मला माहीत आहे. ज्याच्याकडे पाच एकर ज्वारी आहे त्याला सगळ्याला पत्रा पुरणार नाही. जेवढी वाचेल तेवढी पांढरी राहील.

आता तो पट्टीचा हिशोब. आकडे थोडे किचकट आहेत, पण पाटी-पेन्सिल घेऊन घरी करून पाहा.

सरकारी खरेदीत ज्वारीला चौदा टक्क्यांपर्यंत ओल चालते. तुम्ही १०० किलो ज्वारी १८ टक्के ओलीची नेली तर तिच्यात कोरडा माल ८२ किलो. तोच माल १४ टक्क्यांवर आला की वजन होते ९५ किलो ३५० ग्रॅम. म्हणजे साडेचार किलोंच्या वर पाणी. ते पाणी व्यापारी विकत घेणार नाही, बरोबर आहे त्याचे. पण आता उलट धरा. तुम्ही भीतीपोटी ज्वारी खडखडीत वाळवून १० टक्क्यांवर नेली. चौदा टक्क्यांची जी १०० किलो असती ती भरते ९५ किलो ५५० ग्रॅम. जवळजवळ साडेचार किलो कमी. २०२५-२६ ची संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३६९९ रुपये. त्या भावाने क्विंटलमागे १६० रुपयांच्या वर तुम्ही उन्हाला दिले. जास्त वाळवलेल्या मालाबद्दल वाढीव भाव तुमच्या कोणत्या पट्टीवर मिळाला आहे? हात वर करा. एकही दिसत नाही.

कापसाचे गणित तेच. कापूस महामंडळाच्या केंद्रावर आठ टक्के ओल हे प्रमाण. त्याच्या वर बारापर्यंत कपात करून घेतात, बाराच्या वर गाडी परत. म्हणून सांगतो की सकाळच्या दवात वेचणी करू नका, ऊन वर चढून बोंडे कोरडी होऊ द्या. आणि गाठोड्यावर पाणी मारणारे आपल्यात कुणी असतील तर त्यांनी ते थांबवावे. त्यांच्या एका गाडीपायी शंभर प्रामाणिक गाड्यांवर संशय येतो. १२ टक्क्यांच्या १०० किलो कापसाचे ८ टक्क्यांना वजन ९५ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे न्याय्य कपात साडेचार टक्क्यांच्या आत बसते. खाजगीत ओलीच्या नावाखाली क्विंटलमागे याहून जास्त कडता कापला असेल तर ती ओल नव्हे. आणि कापूसही फाजील सुकवायचा नसतो. पाच टक्क्यांच्या खाली गेलेला धागा जिनात तुटतो, गिरणीला तो नको असतो, आणि तुमचे वजन जाते ते वेगळेच. आठाचा १०० किलो कापूस पाचावर आला की ९६ किलो ८४० ग्रॅम. लांब धाग्याच्या २०२५-२६ च्या ८११० रुपये किमतीने हे नुकसान अडीचशे रुपयांचे होते. वर गेले की कपात, खाली गेले की ‘बरं झालं’. ओल हा भावाचा भाग असेल तर तो दोन्ही बाजूंनी असला पाहिजे, ही आपली मागणी आहे आणि ती ठरावात घालावी असे मी सुचवतो. तसेच लिलावाच्या आधी मालाची ओल मीटरवर शेतकऱ्यासमोर मोजावी आणि तो आकडा पट्टीवर लिहावा. दातांनी चावून आणि मुठीत दाबून ठरवलेली ओल आम्हाला मान्य नाही.

मागणी मान्य होईपर्यंत बसून राहायचे कारण नाही. ओल मोजण्याचे यंत्र एका शेतकऱ्याला महाग वाटते, वीस जणांनी मिळून घेतले तर वाटत नाही. प्रत्येक गाव शाखेने एक घ्यावे. तोपर्यंत मिठाची परीक्षा करा. कोरडी काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश भागापर्यंत ज्वारी भरा, दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ टाका, झाकण लावून चांगली हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओल पंधराच्या वर आहे, पोती शिवू नका. चिकटले नाही तर पंधराच्या आत आहे.

आणि लाहीची परीक्षा मायबहिणींकडे सोपवतो. ज्यांच्या घरी अजून जुनी, बारीक दाण्याची ज्वारी आहे त्यांनी शंभर दाणे मोजून घ्यावेत, नेहमीच्या रीतीने रात्रभर मुरवावेत, फोडावेत आणि गणंग मोजून कागदावर लिहावेत. मळणी यंत्रातले शंभर वेगळे, काठीने झोडपलेल्या कणसांतले शंभर वेगळे. चार गावांतून असे आकडे आले तर मळणीवाल्याला यंत्राचे फेरे कमी करायला सांगता येईल, आणि ज्या घरची ज्वारी चांगली फुटेल तिचे बियाणे इतरांना देता येईल.

पुढच्या बैठकीला येताना दोन गोष्टी आणा. या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या, ज्यावर कडता आणि घट लिहिलेली आहे त्या. आणि पुडीत बांधलेली पावशेर ज्वारी, वर गावाचे आणि वाणाचे नाव लिहून. मीटर मी घेऊन येतो.